डमीला इजा होत नाही: एचआयसी आणि एआयएस

क्रॅश टेस्टचे, म्हणजे माणसाच्या जागी डमी (सेन्सर लावलेला पुतळा) बसवून गाडी आदळण्याच्या चाचणीचे आकडे आले की कुणीतरी लिहितंच, 'एचआयसी (हेड इंज्युरी क्रायटेरियन, डोक्याला बसलेल्या आघाताचा आकडा) ७०० च्या वर गेला, म्हणजे डोकं फुटलंच.' पाठोपाठ दुसरा: 'डमीला एआयएस (अ‍ॅब्रिव्हिएटेड इंज्युरी स्केल, इजेच्या गंभीरपणाची श्रेणी) ४ ची इजा झाली.' अहो, डमीच्या डोक्यात मेंदू नसतो, सेन्सर असतात. इजा होणार कशाला?

एचआयसी बहुतेकांना ठाऊक असतो. डोक्याच्या त्वरणाच्या आलेखातला १५ मिलिसेकंदांपर्यंतचा सर्वांत घातक तुकडा शोधायचा, तिथल्या सरासरी त्वरणाचा २.५ वा घात काढून कालावधीने गुणायचं. अमेरिकी नियमात पूर्वी ३६ मिलिसेकंद आणि १००० ची मर्यादा होती, आता १५ आणि ७०० ची आहे, तेव्हा जुने-नवे आकडे शेजारी मांडू नका.

एआयएस हे मोजमापच नव्हे, ती प्रतवारी आहे, १९७१ पासूनची. माणसाला झालेली खरी इजा वैद्यकीय नोंदींवरून तपासून तिला १ ते ६ मधला अंक देतात. १ किरकोळ, ६ सध्याच्या उपचारांपलीकडची. ४ म्हणजे २ च्या दुप्पट, असा हिशोब इथे चालत नाही. शिवाय अंक ठरतो तो मुख्यतः जिवाला असलेल्या धोक्यावरून. त्यामुळे मानेला हिसका बसून वर्षानुवर्षं दुखत राहिली, तरी ती इजा बहुधा १ मध्येच मोडते.

घोळ होतो तो दोन्ही जोडताना. मधे जोखीम-वक्र असतो, म्हणजे आघात वाढला की इजेची शक्यता कशी वाढते ते दाखवणारा आलेख, आणि तो शक्यता सांगतो, निकाल नाही. देहदानातून मिळालेल्या शवांवर आघात करून, किती आघाताला कुणाचं हाड मोडलं नि कुणाचं टिकलं, अशा नोंदींवरून हे वक्र बसवतात. अमेरिकी नियमातली ७०० ची मर्यादा घ्या: मध्यम बांध्याच्या पुरुषाला एआयएस ४ किंवा त्याहून गंभीर इजा होण्याची शक्यता तिथे सुमारे ५ टक्के धरतात. म्हणजे शंभरांतले पंच्याण्णव त्यातून सुटतात. त्याच ७०० ला एआयएस २ किंवा त्यावरच्या इजेची शक्यता अर्थातच जास्त. म्हणून '७०० म्हणजे कितवा एआयएस?' हा प्रश्नच चुकीचा. आणि वक्र सरळ रेषेत नसल्यामुळे १५० एचआयसीची गाडी ३०० वालीपेक्षा दुप्पट सुरक्षित ठरत नाही. तिथे दोन्हीकडे गंभीर इजेची जोखीम नगण्यच असते.

उलट बाजूही आहे. एचआयसी डोक्याचं गरकन फिरणं मोजतच नाही. आकडा देखणा असूनही त्या पिळामुळे मेंदूतले तंतू ताणले जाऊ शकतात. नुसता एचआयसी दाखवून 'डोकं सुरक्षित' म्हणणारी जाहिरात मी तरी पुढे वाचत नाही.