बागेतला ऑर्केस्ट्रा आणि संध्याकाळची हवा

लंडनच्या व्हॉक्सहॉल बागेत वादक जमिनीवर बसत नसत. त्यांच्यासाठी मनोऱ्यासारखी एक अष्टकोनी वास्तू होती. तिच्या वरच्या मजल्यावर ऑर्केस्ट्रा आणि खाली, दिव्यांनी उजळलेल्या झाडांमध्ये फिरणारे श्रोते. ही बाग १८५९ मध्ये बंद झाली, पण तोवर उन्हाळ्यातल्या अशा मैफलींचं वेड युरोपभर पसरलं होतं. पॅरिसमध्ये शाँझेलिझे या रस्त्यावर संगीतकार फिलिप म्युझार आपला ऑर्केस्ट्रा घेऊन, तर व्हिएन्नाच्या फोक्सगार्टन बागेत संगीतकार थोरला योहान श्ट्राउस. हजारोंची गर्दी, आणि मायक्रोफोन, स्पीकर यांतलं काहीच नाही. मग मागच्यांना ऐकू कसं जायचं?

बंद सभागृहात भिंती आवाज परत पाठवतात, त्यामुळे सूर भरीव वाटतो. मोकळ्यावर गेलेला आवाज गेलाच. अंतर दुप्पट झालं की ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांश उरते, म्हणजे साधारण ६ डेसिबलची घट. ५ मीटरवरच्या माणसाला व्हायोलिन जितक्या तीव्रतेने ऐकू येतं, तिचा जेमतेम २५६वा भाग ८० मीटरवर पोहोचतो. शिवाय आवाज गर्दीच्या डोक्यांना घासत गेला, तर कपडे आणि अंगं तो आणखी शोषून घेतात. वादकांना वर बसवण्याचा फायदा इथे कळतो: आवाज गर्दीच्या डोक्यांवरून जातो.

पुढची सोय छताची. १८६१ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत बँडस्टँड, म्हणजे वादकांसाठीचे छताचे उघडे मंडप, उभे राहिले, आणि नंतर ब्रिटनमधल्या बागाबागांत ते दिसू लागले. आकाशाकडे वाया जाणारा आवाज छतावर आपटून काही प्रमाणात श्रोत्यांकडे वळतो. वादकांना एकमेकांचे सूरही नीट ऐकू येतात, आणि मला तर हाच फायदा मोठा वाटतो, कारण एकमेकांना ऐकल्याशिवाय ताल सांभाळायचा कसा?

पण सगळ्यात मोठी मदत व्हायची ती हवेची. रात्री पलीकडच्या गावातलं भजन ऐकू येतं आणि दुपारी तिथला ढोलही येत नाही, हे आपल्याकडे कुणीही सांगेल. फक्त रात्रीची शांतता हे त्याचं कारण नाही. गरम हवेत ध्वनी जोरात धावतो. दर अंश सेल्सिअसला त्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. दुपारी जमीन तापलेली असते, खालची हवा वरच्यापेक्षा गरम. त्यामुळे ध्वनिलहरीचा खालचा भाग पुढे जातो, लहर वर वळते आणि दूरच्या श्रोत्याच्या डोक्यावरून निघून जाते. सूर्य मावळल्यावर आकाश निरभ्र असेल तर जमीन भराभर निवते, खालची हवा गार होते आणि सगळं उलटतं. आता लहर खाली झुकते आणि मागच्यांच्या कानांवर येते. वाराही बहुधा पडलेला असतो. वारा जमिनीजवळ मंद आणि वर जोराचा असल्यामुळे त्याच्या विरुद्ध जाणारा आवाज वर उचलला जातो, हे शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५७ मध्येच मांडलं होतं. तापमानाचा हिशेब दुसरे शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८७४ मध्ये मांडला. मैफली संध्याकाळी ठेवणाऱ्यांना यातलं काही ठाऊक असायची गरज नव्हती. लोक कामावरून सुटायचे तेव्हा, एवढंच त्यांचं गणित.

मुंबईत कूपरेजला जुना बँडस्टँड आजही उभा आहे. कधी गेलात तर त्याच्या छताखाली एक टाळी वाजवा, मग बाहेर मोकळ्यात येऊन दुसरी.