कर फक्त नोकरदारच भरतो का?

'मूठभर लोक कर भरतात, बाकीचा देश फुकट खातो' हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतोय. समाजवादाला विरोध म्हणून तो बहुधा पुढे पाठवला जातो. सरकारने बाजारात कमी लुडबुड करावी, हे मलाही बऱ्यापैकी पटतं. पण हा आधार कच्चा आहे.

आयकर भरणारे थोडे, हे खरं. शेतीच्या उत्पन्नावर तर तो लागतच नाही. मात्र आयकर हा अनेक करांपैकी एक. यावलची मजूर बाई मोबाइलचं रिचार्ज मारते तेव्हा १८ टक्के जीएसटी तिच्याच खिशातून जातो. ११८ रुपयांत १८ रुपये. चोपड्याच्या केळी बागायतदाराच्या ट्रॅक्टरमधल्या डिझेलवर जीएसटी नाही, पण केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट आहेच. शिवाय नोंदणीकृत व्यापारी आपल्या खरेदीवरचा जीएसटी स्वतः भरायच्या जीएसटीतून वळता करून घेतो. शेतकऱ्याला ठिबकच्या नळ्यांवर ती सोय नाही, तो भार त्याच्यावरच राहतो.

पडताळायचं असेल तर धुळ्या-जळगावच्या जीएसटी आकारणाऱ्या कुठल्याही दुकानात पक्कं बिल मागा. खाली सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा दोन ओळी असतात: पहिली रक्कम केंद्राची, दुसरी राज्याची.