आठ दिवसांत फरक का नाही?

अशोक चौकातल्या औषधाच्या दुकानात परवा एक बाई गोळ्यांचं पाकीट परत द्यायला आल्या होत्या. "आठ दिवस दिली की ओ पोराला, काडीचा फरक नाही." नैराश्यावरची गोळी होती. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका मावशी," दुकानदार म्हणाला. पण बाईंची तक्रार रास्तच होती. या गोळीनं मेंदूतलं सेरोटोनिन काही तासांतच वाढतं. नैराश्य म्हणजे निव्वळ सेरोटोनिनचा तुटवडा असता, तर पोरगा दुसऱ्याच दिवशी हसायला हवा होता.

अमेरिकेत एरिक नेस्लर यांच्या प्रयोगशाळेत 2006 साली झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. उंदराला रोज काही मिनिटं एका दांडगट उंदराच्या पिंजऱ्यात सोडायचं. मार खाऊन झाला की मध्ये भोकं असलेला पडदा. मग दिवसभर त्याचाच वास, त्याचंच तोंड. असे 10 दिवस, रोज नवा दांडगट. पुढं तो उंदीर कुणाजवळ जाईनासा झाला. त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी सांभाळणाऱ्या भागात, बीडीएनएफ घटलं होतं. चेतापेशींच्या जोडण्यांना खतपाणी घालणारं हे प्रथिन.

घटलं कसं, हे सूत-मागांत वाढलेल्या सोलापूरकराला सांगणं सोपं आहे. डीएनएचा धागा हिस्टोन प्रथिनांच्या कांड्यांवर गुंडाळलेला असतो. एका कांडीला जेमतेम पावणेदोन वेढे. मार खाल्लेल्या उंदरात बीडीएनएफच्या जनुकापाशी या कांड्यांवर मिथाइल या रासायनिक गटाच्या खुणा चिकटल्या होत्या. तिथलं सूत आवळलं, पेशीला जनुक वाचता येईना. मग इमिप्रामिन हे नैराश्यावरचं जुनं औषध कित्येक आठवडे दिलं. मला वाटलं होतं, खुणा पुसल्या गेल्या असतील. छे, त्या तशाच! औषधानं त्याच जागी ॲसिटिल या दुसऱ्या गटाच्या खुणा वाढवल्या, सूत सैल पडलं आणि बीडीएनएफ पुन्हा बनू लागलं. कारण ॲसिटिल खुडून टाकणारं एचडॅक-5 हे विकर कमी झालं होतं. संशोधकांनी ते मुद्दाम वाढवलं, तेव्हा औषधाचा गुण येईना. आठ दिवसांत फरक न दिसण्याचं एक कारण इथं असावं: सूत सैल व्हायला वेळ लागतो.

म्हणून बीडीएनएफ वाढवायला लगेच मोबाइलवरच्या 'मेंदू तल्लख' पावडरी मागवू नका. मेंदूच्या दुसऱ्या एका वाटेवर हेच बीडीएनएफ उंदराला जास्त भित्रं करतं. लिंबू-मिरचीच्या उताऱ्यानं हिस्टोन हलत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

औषध एकटं पुरत नाही, हे दाखवणारा 2008 सालचा उंदीर-घुशींच्या कुळातलाच आणखी एक प्रयोग. लहानपणापासून एक डोळा झाकल्यानं अधू झालेल्या प्रौढ रॅटना फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचंच औषध दिलं. त्या डोळ्याची नजर सुधारली, पण त्यासाठी चांगला डोळा बंद करून अधू डोळ्याला कामाला लावावं लागलं.