टी-९० गिअरबॉक्सची घरगुती दुरुस्ती

टी-९० हा वॉर्नर गिअर कंपनीचा तीन गतींचा, ओतीव लोखंडी पेटीतला गिअरबॉक्स. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विलीज जीपला टी-८४ होता. युद्धानंतरच्या सीजे-२ए आणि पुढच्या सीजे-३बी या नागरी जीपना टी-९० आला. महिंद्राच्या मुंबईत बांधलेल्या पेट्रोल सीजे-३बीमध्येही तोच होता, म्हणून महाराष्ट्रातल्या जुन्या जीपवाल्यांची त्याच्याशी गाठ पडतेच. गुणोत्तरे पहिल्याला २.७९८, दुसऱ्याला १.५५१, तिसऱ्याला थेट १ आणि रिव्हर्सला ३.७९८. सिंक्रो, म्हणजे गिअर जुळण्याआधी त्यांची गती सारखी करणारी यंत्रणा, फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला आहे. चालत्या गाडीत पहिला टाकताना होणारी खरखर हा बिघाड नव्हे. तिथे डबल क्लचच करावा लागतो, म्हणजे मध्ये न्यूट्रल घेऊन क्लच दोनदा दाबायचा.

खरी तक्रार असते दुसरा गिअर आपोआप सुटण्याची. तिचे कारण बहुधा आत असते: मेनशाफ्टचा (मुख्य दांड्याचा) ढिला नट, झिजलेले थ्रस्ट वॉशर (गिअरची पुढे-मागे सरक रोखणाऱ्या चकत्या), नाहीतर सिंक्रो स्लीव्हचे गोलावलेले दात. मात्र पेटी उघडण्याआधी गिअरचा दांडा बसतो त्या वरच्या शिफ्ट टॉवरमधले गोळी-स्प्रिंग आणि गिअर सरकवणारे फोर्क तपासावेत. टॉवर काढायला थोडेच बोल्ट लागतात आणि कधीकधी काम तिथेच संपते.

गिअरबॉक्स काढताना इंजिनाला खालून जॅक द्यावा, कारण क्रॉसमेंबर (चासीची आडवी पट्टी) सुटल्यावर त्याचा मागचा आधार जातो. मागे जोडलेल्या ट्रान्सफर केससकट (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीसकट) हे धूड एकट्याने उचलण्यासारखे नाही. दोन्हींचे तेल आधी काढून घ्यावे. ट्रान्सफर केसच्या मागचे झाकण काढले की मेनशाफ्टचा खाचांचा नट दिसतो. कॉटर पिन, नट आणि वॉशर काढून त्यावरचा गिअर ओढून घ्यावा.

इथेच नवखा माणूस फसतो. ट्रान्सफर केस ओढताना मेनशाफ्टही मागे आला, तर सिंक्रोचे भाग सुटून पेटीच्या तळाशी पडतात. त्यासाठी वरच्या तोंडातून दुसऱ्या गिअरच्या लगेच मागे मेनशाफ्टभोवती तारेचा फास घालतात आणि तिची टोके पेटीच्या वरच्या दोन स्क्रूंना पीळ देऊन बांधतात. मगच दोन्ही पेट्या वेगळ्या कराव्यात. काउंटरशाफ्ट (क्लस्टर हा जोडगिअर ज्यावर फिरतो तो खालचा दांडा) आणि रिव्हर्स आयडलर शाफ्ट (रिव्हर्सच्या मधल्या गिअरचा दांडा) अडवणारी लॉक प्लेट मागे असते. ती काढून काउंटरशाफ्ट पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांडीने) पुढून मागे ठोकायचा आणि त्याच्यापाठोपाठ, आतल्या रुंदीत मावेल एवढा डमी शाफ्ट घालायचा. तो नसेल तर क्लस्टर गिअरमधल्या सुईरोलर्सचा पसारा होतो. क्लस्टर तळाशी बसला की मेनशाफ्ट वरच्या तोंडातून निघतो. रोलर काढतानाच मोजून वेगळ्या डबीत ठेवावेत.

सगळे रॉकेलने धुऊन तपासावे. पितळी सिंक्रो रिंग तिच्या शंकूवर हाताने दाबून फिरवावी. ती घट्ट पकडली पाहिजे. दाबल्यावर रिंग गिअरच्या दातांना टेकत असेल तर रिंगेचे आतले आटे झिजले, ती बदलावी. थ्रस्ट वॉशर, बेअरिंग आणि रोलर यांत काटकसर करू नये. पेटी पुन्हा खाली उतरवण्याचे कष्ट त्यांच्या किमतीपेक्षा फार मोठे असतात.

जुळवताना सिंक्रो हबच्या दोन्ही स्प्रिंगांची वाकडी टोके एकाच खाचेत बसवावीत आणि त्यांचा ताण एकमेकांविरुद्ध असावा. तसे न केल्यास शिफ्टिंग प्लेटांवर दाब असमान पडतो. रोलर ग्रीसने चिकटवून डमी शाफ्टभोवती बसवतात. क्लस्टरची शाफ्टच्या लांबीच्या दिशेतली चाळ (ढिली हालचाल) फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पात्यांनी, मोजावी: ०.०१२ ते ०.०१८ इंच, म्हणजे सुमारे ०.३० ते ०.४६ मिमी. ती जास्त असेल तर मागचा पोलादी वॉशर जाड निवडावा. हे माप अंदाजाने करू नये. गिअर पुन्हा सुटतो तो बहुतेक या टप्प्यावरच्या ढिलाईमुळे. मेनशाफ्टचा नट आवळून नवी कॉटर पिन घातलीच पाहिजे.

शाफ्टच्या भोकांतून गळती नेहमीची, म्हणून शाफ्टची टोके आणि लॉक प्लेट बसवताना तिथे सीलंट लावावे. गिअरबॉक्समध्ये सुमारे पाऊण लिटर तेल मावते. मात्र खरी पातळी भरणीच्या भोकाच्या काठापर्यंत. एसएई ९० चे जीएल-४ तेल वापरावे. जीएल-५ मधल्या गंधकयुक्त द्रव्यांनी पितळी रिंगा खराब होऊ शकतात. तेल ट्रान्सफर केसमध्ये झिरपत राहते, म्हणून दोन्हीकडे एकच तेल भरावे आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर दोन्ही पातळ्या पाहाव्यात.