अमायलॉइड आणि टाऊ: दोन प्रथिनांच्या नात्याचा शोध

डोनानेमॅब हे अल्झायमरवरचे औषध मेंदूत साचलेले अमायलॉइड काढून टाकते. पण २०२३ मध्ये त्याच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा रुग्णांचे गट पाडले होते ते टाऊ या वेगळ्याच प्रथिनावरून. ज्यांच्या मेंदूत टाऊ कमी किंवा मध्यम होते त्यांची घसरण, औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत, दीड वर्षात सुमारे ३५ टक्क्यांनी मंदावली. टाऊ भरपूर पसरलेले रुग्णही हिशेबात धरले, तर हाच आकडा २२ टक्क्यांवर आला. औषध एका प्रथिनावर आणि त्याचा गुण किती येणार हे ठरते दुसऱ्यावरून! यामागचा इतिहास शंभराहून जास्त वर्षांचा आहे.

या दोन्ही प्रथिनांच्या खुणा आजाराच्या पहिल्याच रुग्णात दिसल्या होत्या. फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात १९०१ साली दाखल झालेल्या ऑगस्टे डेटर या बाई १९०६ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी वारल्या. तिथे त्यांना तपासणारे डॉक्टर अलॉइस अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. त्यांनी बाईंचा मेंदू म्युनिकला मागवून घेतला आणि चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर ठिपक्यांसारखे साठे होते आणि पेशींच्या आत गुंतलेल्या धाग्यांच्या गाठी. त्याच नोव्हेंबरात ट्यूबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडले, पण त्यावर चर्चा अशी झालीच नाही. पुढे १९१० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमरांचे नाव दिले. तरीही कित्येक दशके तो पन्नाशी-साठीतला दुर्मीळ आजार मानला गेला, आणि सत्तरीनंतरच्या विसराळूपणाला म्हातारचळ म्हणून सोडून देण्यात आले. किती घरांनी हे दुखणे नाव नसतानाच सोसले असेल! इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांच्या मेंदूतले हे ठिपके मोजून त्यांचा स्मृतिभ्रंशाशी संबंध दाखवला, तो १९६८ मध्ये.

ठिपके कशाचे बनले आहेत हे कळायला १९८४-८५ उजाडले. जॉर्ज ग्लेनर यांनी आधी मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांतून बीटा अमायलॉइड वेगळे केले, आणि पुढच्याच वर्षी ठिपक्यांतही तेच प्रथिन निघाले. टाऊचा शोध १९७५ सालीच लागला होता, पण निरोगी पेशीतले एक उपयोगी प्रथिन म्हणून. चेतापेशीच्या लांब तंतूत मालाची ने-आण ज्या सूक्ष्मनलिकांवरून होते, त्यांना ते रुळांखालच्या स्लीपरसारखे धरून ठेवते. याच टाऊवर फॉस्फेटचे गट प्रमाणाबाहेर चिकटतात, ते सुटे होऊन एकमेकांना बिलगते आणि त्याच्या गाठी होतात, हे १९८५-८६ च्या सुमारास स्पष्ट झाले.

आजाराचे मूळ यांतले कोणते प्रथिन, यावरून इथून दोन तट पडले. अमायलॉइडच्या बाजूने आनुवंशिकतेचा पुरावा भक्कम होता. त्याचे मूळ जनुक २१ व्या गुणसूत्रावर असते. डाउन सिंड्रोममध्ये या गुणसूत्राची तिसरी प्रत असते, आणि त्या व्यक्तींच्या मेंदूत चाळिशीपर्यंत हे साठे दिसू लागतात. १९९१ मध्ये लंडनच्या संशोधकांना ऐन पन्नाशीत स्मृतिभ्रंश होणाऱ्या एका कुटुंबात याच जनुकातले उत्परिवर्तन सापडले. पाठोपाठ १९९२ मध्ये हार्डी आणि हिगिन्स यांनी मांडले की अमायलॉइड साचणे हीच सुरुवात आणि बाकी सारे तिचे परिणाम. दुसऱ्या बाजूचा आक्षेपही खरा होता: रुग्णाची स्मृती किती गेली हे ठिपक्यांच्या संख्येवरून नीट कळत नाही, गाठी कुठवर पसरल्या यावरून कळते. हाइको आणि एफा ब्राक यांनी १९९१ मध्ये या पसरण्याचे सहा टप्पे नोंदवले होते.

माझ्या मते या वादाला खरे वळण दिले ते १९९८ ने. टाऊच्या जनुकात बिघाड असलेली कुटुंबे सापडली. त्यांना वेगळ्या प्रकारचा स्मृतिभ्रंश होत होता आणि मेंदूत गाठी होत्या, पण अमायलॉइडचे ठिपके त्या बिघाडातून निर्माण होत नव्हते. म्हणजे टाऊ एकटेही पेशी मारू शकते, मात्र अमायलॉइडला जन्म देत नाही. उलट दिशा २००१ मध्ये उंदरांत दिसली. गाठी होण्याची प्रवृत्ती असलेल्या उंदरांच्या मेंदूत अमायलॉइड टोचले, किंवा त्यांचा अमायलॉइड बनवणाऱ्या उंदरांशी संकर केला, तर गाठी वाढल्या. २००७ मध्ये लेनर्ट मुके यांच्या प्रयोगशाळेने चित्र पुरे केले. अमायलॉइड भरपूर असलेल्या उंदरांतले टाऊ कमी केले, तेव्हा अमायलॉइड तसेच राहिले, पण उंदरांची स्मृती वाचली. अमायलॉइड टाऊला बिघडवते, आणि स्वतःचे विष भिनवायला त्याला टाऊच लागते.

जिवंत माणसाच्या मेंदूत हे पाहता आले ते पेट स्कॅनमुळे; त्यात किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचून ते मेंदूत कुठे चिकटते हे पाहतात. अमायलॉइडचा पहिला असा अभ्यास २००४ चा, टाऊचे स्कॅन त्यानंतर साधारण दशकाने आले. त्यातून दिसले की दोघांची सुरुवात वेगवेगळ्या जागी होते. अमायलॉइड मेंदूच्या बाह्यस्तरात साठते, लक्षणांच्या १५-२० वर्षे आधीपासून. टाऊच्या गाठी स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसच्या शेजारी सुरू होतात आणि वय झालेल्या पुष्कळांच्या मेंदूत तिथेच थांबतात. अमायलॉइड पुरेसे साठलेले असले, की टाऊ ती हद्द ओलांडून बाह्यस्तरात पसरते, आणि मग विसरणे वाढत जाते. कोलंबियातल्या एका बाईंची २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली नोंद इथे फार मोलाची आहे. त्यांच्या घराण्यात चाळिशीतच स्मृतिभ्रंश आणणारे उत्परिवर्तन होते आणि त्यांच्या मेंदूत अमायलॉइड भरून होते. पण अल्झायमरच्या धोक्याशी निगडित असलेल्या एपीओई या जनुकाच्या एका दुर्मीळ रूपाच्या दोन प्रती त्यांना लाभल्या होत्या. त्यांच्यात टाऊ फारसे पसरले नाही, आणि सत्तरीपर्यंत त्या बऱ्याच ठीक होत्या.

मधल्या काळात एक धक्काही बसला. अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपाबद्दलचा २००६ चा गाजलेला शोधनिबंध, चित्रांत फेरफार झाल्याचे दिसल्यावर, २०२४ मध्ये मागे घेतला गेला. त्यावरून सारे अमायलॉइडच खोटे ठरवणे मात्र अन्यायाचे आहे. वर सांगितलेला एकही पुरावा त्या निबंधावर उभा नाही.

वृद्ध रुग्णांत ही दोनच प्रथिने असतात असेही नाही. पार्किन्सनमधले अल्फा सिन्युक्लिन आणि टीडीपी-४३ ही प्रथिनेही अनेकदा त्याच मेंदूत साचलेली आढळतात, आणि ती असतील तर घसरण अधिक वेगाने होते. टाऊविरुद्धच्या पहिल्या काही प्रतिपिंडांनी एकेकट्याने निराशा केली. आता आनुवंशिक अल्झायमर असलेल्या कुटुंबांत लेकानेमॅब या अमायलॉइड काढणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या जोडीने टाऊवरचे प्रतिपिंड देण्याची चाचणी चालू आहे.