ब्रेटन वुड्स ते मणिबेली : जागतिक बँक, नाणेनिधी आणि भारत

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा विषय निघाला की मराठी वाचकाला बहुधा १९९१ हे साल आठवते. त्या वर्षी सोने गहाण पडले, रुपयाचे अवमूल्यन झाले आणि पाठोपाठ उदारीकरण आले. मात्र या संस्थांशी भारताचे नाते स्वातंत्र्याहूनही तीन वर्षांनी जुने आहे. त्या नात्यात भारताने कर्जे घेतली, अटी मान्य केल्या आणि काही वेळा त्या झुगारल्याही. पण या संस्थांचे आजचे रूप घडवण्यात या ऋणको देशाचा जो हात आहे, त्याची चर्चा आपल्याकडे फारच कमी झाली आहे.

जुलै १९४४ मध्ये, दुसरे महायुद्ध अजून चालू असताना, अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांचे प्रतिनिधी तीन आठवडे एकत्र बसले. १९३० च्या दशकात प्रत्येक देशाने आपले चलन स्वस्त करून आणि जकातीच्या भिंती उभारून दुसऱ्याचा व्यापार बुडवला होता. तसे पुन्हा घडू नये, हा या परिषदेमागचा हेतू होता. विनिमय दर स्थिर ठेवणे आणि व्यवहारतोल, म्हणजे परदेशांशी होणाऱ्या देण्याघेण्याचा हिशेब, बिघडलेल्या देशाला थोड्या मुदतीची उचल देणे, हे काम नाणेनिधीकडे सोपवण्यात आले. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांची पुनर्बांधणी आणि मागासलेल्या देशांचा विकास हे बँकेकडे. बँकेच्या अधिकृत नावात पुनर्बांधणी आधी आणि विकास नंतर येतो, आणि व्यवहारातही तोच क्रम राहिला. बँकेने दिलेले पहिले कर्ज २५ कोटी डॉलरचे होते आणि ते १९४७ मध्ये फ्रान्सला मिळाले.

भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले ब्रिटिश अर्थसदस्य जेरेमी रेझमन होते. पण त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, पुढे स्वतंत्र भारताचे पहिले अर्थमंत्री झालेले षण्मुखम चेट्टी आणि भारतीय उद्योगपतींनी मांडलेल्या 'मुंबई योजने'च्या कर्त्यांपैकी एक असलेले ए. डी. श्रॉफ हेही होते. भारतीय सदस्यांनी तेथे दोन प्रश्न लावून धरले. पहिला होता स्टर्लिंग शिलकेचा. युद्धासाठी ब्रिटनने भारतातून माल आणि सेवा उचलल्या, त्यांची किंमत लंडनमध्ये भारताच्या नावे पौंडांत जमा होत गेली आणि युद्ध संपेपर्यंत हा आकडा सुमारे १३० कोटी पौंडांवर पोहोचला. ज्या देशात १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली, त्या देशाचे ते ब्रिटनकडचे येणे होते. त्याचा काही भाग तरी नाणेनिधीमार्फत इतर चलनांत बदलून मिळावा, अशी मागणी श्रॉफ यांनी मांडली. ब्रिटनतर्फे अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी सांगितले की, हा हिशेब ब्रिटन आपल्या धनकोंशी थेट मिटवील. मागणी तेथेच संपली. दुसरा प्रश्न उद्दिष्टांचा होता. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या देशांच्या विकासाचा उल्लेख नाणेनिधीच्या घटनेतच स्पष्टपणे असावा, हा भारताचा आग्रह होता. तोही त्या स्वरूपात मान्य झाला नाही.

या परिषदेने जी रचना ठरवली ती मुळात आजही कायम आहे. प्रत्येक देशाने भरायच्या वर्गणीला कोटा म्हणतात. देशाला किती उचल करता येईल आणि त्याच्या मताला किती वजन राहील, या दोन्ही गोष्टी कोट्यावरच अवलंबून असतात. नाणेनिधीच्या एकूण ८८० कोटी डॉलरपैकी अमेरिकेचा कोटा २७५ कोटींचा, ब्रिटनचा १३० कोटींचा आणि भारताचा ४० कोटींचा ठरला. भारताचा क्रम सहावा होता. सोव्हिएत रशियाने करारास अंतिम मान्यता दिली नाही, त्यामुळे भारत पाचवा आला आणि स्वतःचा कार्यकारी संचालक नेमण्याचा हक्क त्याला मिळाला. परकी सत्तेखालील देशाला असे स्थान मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. देशमुख पुढे दहा वर्षे दोन्ही संस्थांच्या गव्हर्नर मंडळावर होते.

तिसरी संस्था व्यापारासाठी व्हायची होती. १९४८ साली हवाना येथे तिची सनद मंजूर झाली. परंतु अमेरिकी काँग्रेसने ती कधीच संमत केली नाही. मागे उरला तो १९४७ चा जकातीविषयक करार, म्हणजे गॅट. त्यावर सह्या करणाऱ्या मूळच्या २३ देशांत भारत होता.

ऑगस्ट १९४९ मध्ये जागतिक बँकेचे भारताला पहिले कर्ज मिळाले, ते रेल्वे इंजिनांसाठी. आशियातील कोणत्याही देशाला बँकेने दिलेले ते पहिलेच कर्ज. दुसरे कर्ज मध्य भारतातल्या कांस गवताने व्यापलेल्या जमिनी नांगरून काढण्यासाठी लागणाऱ्या ट्रॅक्टरांचे होते. महाराष्ट्रात ज्यांना ही बँक दूरची वाटते त्यांनी पुढचे टप्पे पाहावेत. १९५४ मध्ये मुंबईला वीज पुरवणाऱ्या टाटा कंपन्यांच्या तुर्भे येथील औष्णिक केंद्राला कर्ज मिळाले. खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे भांडवल देणारी आयसीआयसीआय ही संस्था बँकेच्या पुढाकाराने १९५५ मध्ये मुंबईत स्थापन झाली. आणि १९५९ मध्ये कोयनेच्या वीज प्रकल्पासाठी अडीच कोटी डॉलर मंजूर झाले. कारखान्यांच्या ज्या वाढीमुळे नवा महाराष्ट्र उद्योगप्रधान राज्य म्हणून ओळखला जाऊ लागला, त्या वाढीमागच्या विजेत या कर्जाचाही वाटा होता.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने यंत्रसामग्रीची आयात एकदम वाढवली आणि १९५७ पर्यंत स्टर्लिंग शिल्लक जवळजवळ संपली. भारताची योजना कोसळू नये म्हणून जागतिक बँकेने ऑगस्ट १९५८ मध्ये अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, जपान आणि कॅनडा यांची बैठक घेतली. एका देशासाठी धनको देशांचा संघ उभारण्याचा हा पहिला प्रयोग होता आणि पुढे अनेक देशांसाठी तो नमुना ठरला. याच काळात दुसरी अडचण स्पष्ट होत होती. बाजारभावाच्या जवळपासच्या व्याजाने गरीब देश किती काळ कर्ज घेणार? अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९४९ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या एका उपआयोगाचे अध्यक्ष या नात्याने सवलतीचे अर्थसाहाय्य देणारी वेगळी यंत्रणा सुचवली होती. संयुक्त राष्ट्रांत प्रत्येक देशाला एक मत असल्याने श्रीमंत देशांना ती तेथे नको होती. अखेर १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय विकास संघ स्थापन झाला, पण जागतिक बँकेच्या छताखाली आणि तिच्याच मतपद्धतीने. बिनव्याजी आणि पन्नास वर्षांच्या मुदतीची ही कर्जे अनेक दशके सर्वाधिक घेतली ती भारताने. भारताची मूळ कल्पना स्वीकारली गेली, तिचे नियंत्रण मात्र दुसऱ्यांच्या हाती राहिले.

अटींचा खरा कडूपणा १९६६ मध्ये कळला. १९६५ चे युद्ध, दुष्काळ आणि अमेरिकी गव्हावरचे अवलंबित्व अशा स्थितीत, बँकेने नेमलेल्या बेल समितीच्या शिफारशींनंतर ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर नेण्यात आला. त्याच्या बदल्यात अपेक्षित असलेली वाढीव मदत पुढील वर्षांत त्या प्रमाणात आली नाही. सरकारवर पक्षातूनही टीका झाली, आणि नंतरच्या वर्षांत भारताचे धोरण अधिकच अंतर्मुख झाले. माझ्या मते, उदारीकरणाची चर्चा या देशात पुढे पंचवीस वर्षे दबल्या आवाजात होत राहिली, तिचे एक महत्त्वाचे कारण या अनुभवात आहे. १९८१ मध्ये नाणेनिधीकडून ५०० कोटी एसडीआरची, म्हणजे निधीच्या स्वतःच्या हिशेबी एककातली, मोठी उचल मंजूर झाली तेव्हा भारत सावध होता. त्याने ती पूर्ण उचललीच नाही.

१९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोने परदेशी गेले आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे पाठवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. घरातले सोने गहाण टाकणे ही आपल्याकडे अगदी शेवटची पायरी समजली जाते, म्हणूनच ही बातमी लोकांच्या मनाला इतकी लागली. औद्योगिक परवाने कमी करण्याचे विचार आणि मसुदे त्याआधीच दिल्लीत तयार होते, त्यामुळे सुधारणा सर्वस्वी बाहेरून लादल्या गेल्या असे म्हणता येत नाही. मात्र त्यांचा वेग आणि क्रम नाणेनिधीच्या वाटाघाटींनी ठरवला, हेही नाकारता येणार नाही.

१९९१ च्याच जूनमध्ये जागतिक बँकेने आणखी एक पाऊल उचलले होते, ज्याकडे गंगाजळीच्या धावपळीत फारसे लक्ष गेले नाही. सरदार सरोवर प्रकल्पासाठी बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. महाराष्ट्राच्या बाजूचे बुडीत क्षेत्र तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, आताच्या नंदुरबारमध्ये येत होते आणि अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली हे त्यातले पहिले गाव. मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखालील नर्मदा बचाओ आंदोलनाने पुनर्वसनाचा प्रश्न थेट वॉशिंग्टनपर्यंत नेला, आणि चालू प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी करण्यासाठी बँकेने प्रथमच ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. जून १९९२ च्या अहवालाने स्पष्ट सांगितले की, तेव्हाच्या परिस्थितीत विस्थापितांचे समाधानकारक पुनर्वसन शक्य नाही आणि बँकेने मागे सरावे. मार्च १९९३ अखेरीस भारत सरकारने उरलेले १७ कोटी डॉलर न घेण्याचे जाहीर केले. धरण थांबले नाही; ते देशातल्याच पैशावर पुढे गेले आणि मणिबेली पाण्याखाली गेले. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले आणि प्रकल्पाची झळ बसलेल्या सामान्य माणसाला बँकेविरुद्ध थेट तक्रार करण्याचा मार्ग प्रथमच खुला झाला. सातपुड्यातल्या आदिवासींनी जगातल्या सर्व प्रकल्पग्रस्तांसाठी मिळवलेला हा हक्क आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला जागा असायला हवी. पुढे मुंबई नागरी परिवहन प्रकल्पामुळे हटवल्या गेलेल्या रहिवाशांनी आणि दुकानदारांनी २००४ मध्ये याच मंडळाचे दार ठोठावले, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने त्या प्रकल्पाच्या काही भागांचे पैसे काही महिने रोखून धरले.

व्यापाराच्या आघाडीवर डंकेल प्रस्तावाने, म्हणजे गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी मांडलेल्या नव्या व्यापार कराराच्या मसुद्याने, नव्वदीच्या सुरुवातीस महाराष्ट्रात मोठे वादळ उठवले. बहुतेक संघटना विरोधात असताना शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने त्याचे समर्थन केले. आपल्या शेतकऱ्याला अनुदान मिळत नाही, उलट निर्यातबंदी आणि लेव्ही, म्हणजे सरकारी सक्तीची खरेदी, यांतून त्याच्याकडूनच वसुली होते, अशी त्यांची मांडणी होती. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. अमेरिकेच्या तक्रारीवर भारताविरुद्ध निकाल लागल्यानंतर आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध एप्रिल २००१ पर्यंत उठवावे लागले.

मतांच्या वजनाचा १९४४ चा प्रश्न मात्र तसाच राहिला. नाणेनिधीच्या कोट्यांची २०१० मध्ये ठरलेली फेररचना अमेरिकी काँग्रेसच्या मान्यतेअभावी जानेवारी २०१६ पर्यंत अडून होती. तिच्यानंतर भारताच्या मताचे वजन २.६ टक्क्यांच्या आसपास आले. अमेरिकेकडे साडेसोळा टक्के मते आहेत, आणि महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात, म्हणजे तिच्या संमतीशिवाय ते होत नाहीत. दरम्यान २०१५ मध्ये ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका यांनी शांघाय येथे न्यू डेव्हलपमेंट बँक सुरू केली. या पाचही संस्थापकांचे भांडवल आणि मते सारखी ठेवण्यात आली, आणि नकाराधिकार कोणालाही देण्यात आला नाही. तिचे पहिले अध्यक्ष के. व्ही. कामत झाले, ज्यांची कारकीर्द जागतिक बँकेच्या पुढाकाराने मुंबईत उभ्या राहिलेल्या आयसीआयसीआयमध्ये घडली होती.