शिक्क्याचा आकार चिकणमातीने ठरवला

चिनी सरकारी शिक्का म्हटलं की लालभडक चौकोन डोळ्यांसमोर येतो. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीतल्या अधिकाऱ्याच्या कमरेला लटकणारा शिक्का या लाल रंगासाठी घडवलेलाच नव्हता. तो मातीत उमटवायचा होता.

हुकूम तेव्हा लाकडाच्या नाहीतर बांबूच्या पट्ट्यांवर लिहीत. पट्ट्या दोरीने बांधायच्या, गाठीवर ओल्या चिकणमातीचा गोळा थापायचा आणि त्यावर शिक्का दाबायचा. वाटेत कोणी पत्र उघडलं, तर वाळलेली माती फुटणारच. ठसा मातीवर घ्यायचा म्हणून अक्षरं धातूत खोल असत; मातीत ती उठून दिसत. आकारही गोळ्याला साजेसा, बाजू जेमतेम 2.3 सेंटिमीटर. जपानच्या शिकानोशिमा बेटावर 1784 मध्ये असाच एक सोन्याचा शिक्का सापडला. इसवी सन 57 मध्ये हान सम्राटाने जपानमधल्या 'ना' राज्याच्या राजाला दिला तो हाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. वजन 108.7 ग्रॅम, सोनं सुमारे 95 टक्के, आणि मुठीच्या जागी वेटोळं घातलेला साप!

अक्षरं किती, यालाही नियम होता. इ.स.पू. 104 मध्ये सम्राट वू याने पाच हा आकडा शुभ ठरवला. मग ज्या हुद्द्याची अक्षरं पाचाला कमी पडत, तिथे 'चा-ची-चे' अशा अर्थाचं 'चर्' हे अक्षर भरीला घालू लागले. वृत्त सांभाळायला कवी 'हो' घालतो, त्यातलाच प्रकार.

पुढे कागद आला आणि सगळं उलटलं. आता अक्षरं उंच ठेवून भोवतीचा धातू काढायचा, म्हणजे कागदावर लाल अक्षरं उमटतात. माती गेल्यावर छोटेपणाचं बंधनही गेलं. शिक्के मोठे होत गेले.

हा लाल रंग म्हणजे हिंगूळ, पाऱ्याचा सल्फाइड. त्याची पूड एरंडेलात मळतात आणि दवण्याच्या जातकुळीतल्या एका वनस्पतीच्या पानांचे तंतू त्यात मिसळतात. एरंडेल सहजी सुकत नाही, तंतू रंग धरून ठेवतात, त्यामुळे लगदा डबीत मऊ राहतो. हिंगूळ पाण्यात विरघळत नाही. शाई फिसकटते, पण ठसा टिकतो. मला विचाराल, तर खरं रसायनशास्त्र शिक्क्यापेक्षा या डबीत आहे.

1949 मध्ये नव्या केंद्रीय सरकारचा शिक्का घडवायचं काम बीजिंगच्या लिउलीचांग बाजारातले नामांकित कोरक झांग युएचेंग यांच्याकडे आलं. तांब्याच्या मिश्रधातूचा चौरस, बाजू 9 सेंटिमीटर, त्यात 15 अक्षरं, तीही आरशात दिसावीत तशी उलटी. शिक्क्यांची परंपरागत वळणदार लिपी इथे घेतली नाही. घेतलं ते 'सोंग' वळण: लाकडी ठोकळ्यांच्या छपाईतून घडलेलं, आडव्या रेघा बारीक, उभ्या जाड. जुनी लिपी जाणकारालाच कळते; हे वळण वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही. शेवटून दुसरं अक्षर मात्र तेच जुनं 'चर्'!

आजचे सरकारी शिक्के गोल आहेत. 1999 च्या नियमांनुसार राज्य परिषदेच्या, म्हणजे चीनच्या केंद्रीय मंत्रिमंडळाच्या, शिक्क्याचा व्यास 6 सेंटिमीटर, मंत्रालयांचा 5. गावपातळीजवळच्या सरकारचा 4.2, मधोमध पंचकोनी तारा. अक्षरं अजून सोंग वळणाचीच. आणि ठसा कोऱ्या जागी न मारता तारखेवरच मारतात, म्हणजे तारीख खोडायची तर शिक्काही खोडावा लागतो.